महिन्याची अखेर : गिरणगावातील तोंडमिळवणीचा इतिहास

जमा आणि खर्च या दोन बाजूंचा मेळ बसवणे, यासाठी मराठीत 'तोंडमिळवणी' हा नेमका शब्द आहे. शब्द मूळचा चोपडीतला, हिशेबनिसाचा. पण रूढ झाला तो घरसंसाराच्या संदर्भात. कथा-कादंबऱ्यांतून आणि आत्मचरित्रांतून ही तोंडमिळवणी बहुधा आईच्या गुणवर्णनाचा भाग म्हणून येते. तिने कोंड्याचा मांडा केला, कुणाला उपाशी झोपू दिले नाही, स्वतः मात्र उरलेसुरले खाल्ले, असे आपण आदराने वाचतो आणि पुढे जातो. या आदरात एक अडचण आहे. काटकसर हा केवळ स्वभावगुण मानला की तिचा इतिहास दिसेनासा होतो. महिना पुरत का नव्हता, तो पुरवण्याची साधने कोणती होती, त्या साधनांची किंमत कोण मोजत होते, हे प्रश्न मग विचारलेच जात नाहीत. मुंबईच्या गिरणगावापुरते हे प्रश्न विचारून पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गिरणगाव निवडण्याचे कारण दुहेरी आहे. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३) या कादंबरीपासून अण्णा भाऊ साठे, बाबुराव बागूल, नारायण सुर्वे यांच्यापर्यंत आणि पुढे जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकापर्यंत मराठी साहित्याचा एक ठळक प्रवाह या वस्तीशी जोडलेला आहे. दुसरे असे की, गरिबाच्या घरखर्चाची पद्धतशीर मोजदाद आपल्याकडे ज्या थोड्या ठिकाणी लवकर झाली, त्यांत हे एक आहे. साहित्य आणि आकडे शेजारी ठेवून वाचण्याची संधी अशी क्वचितच मिळते.

पहिल्या महायुद्धाने धान्य आणि कापड यांचे भाव झपाट्याने वाढवले. मजुरी त्या गतीने वाढली नाही. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या गिरण्यांतील एक लाखाहून अधिक कामगार संपावर गेले, आणि कामगाराला जगायला किती लागते, हा प्रश्न सरकारला टाळता येईना. १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस स्थापन केले. त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ या काळात कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली आणि १९२३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. २,४७३ कुटुंबांचे आणि मुंबईत एकट्याने राहणाऱ्या ६०३ पुरुषांचे हिशेब त्यासाठी तपासले गेले.

सरासरी कुटुंबाची महिन्याची मिळकत निघाली ५२ रुपये ४ आणे ६ पै. ही एकट्या कर्त्या पुरुषाची मिळकत नव्हे. घरात जे जे कमावत होते त्या सर्वांची ती बेरीज आहे. खर्चाची वाटणी अशी होती : अन्नावर ५६.८ टक्के, सरपण आणि दिवाबत्तीवर ७.४, कपड्यांवर ९.६, घरभाड्यावर ७.७ आणि 'इतर' या सदराखाली १८.५ टक्के. पाहणीतील ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती. म्हणजे भाड्याचा वाटा कमी दिसतो तो घर स्वस्त होते म्हणून नव्हे, तर घर या नावाने मिळत असे ती एकच खोली होती म्हणून. तीही अनेकदा पोटभाडेकरूंसह.

अन्नाच्या बाबतीत अहवालाने काढलेला निष्कर्ष पुढे वारंवार सांगितला गेला. कामगार खात असलेल्या धान्याचे प्रमाण दुष्काळ संहितेत ठरवून दिलेल्या कमाल प्रमाणाच्या जवळपास होते. मात्र मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्यासाठी नेमून दिलेल्या आहारापेक्षा ते कमी होते. हे कुणा चळवळ्याचे भाषण नव्हते. सरकारच्याच अधिकाऱ्याने, सरकारच्याच दोन नियमपुस्तिका समोर ठेवून केलेली ती तुलना होती. पूर्ण वेळ राबणाऱ्या माणसाचे जेवण दुष्काळग्रस्त आणि कैदी यांच्या मधोमध कुठेतरी पडते, हे त्या तुलनेने कागदावर आणले.

याच अहवालात आणखी एक आकडा आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. कर्जाची रक्कम साधारणपणे अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढी होती, आणि व्याजाचा नेहमीचा दर होता दरमहा रुपयामागे एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. आता थोडे गणित करू. अडीच महिन्यांची मिळकत म्हणजे सुमारे १३० रुपये. त्यावर रुपयाला एक आणा याप्रमाणे महिन्याचे व्याज होते १३० आणे, अर्थात आठ रुपये दोन आणे. खोलीचे भाडे वरच्या टक्केवारीनुसार चार रुपयांच्या आसपास येते. सगळे कर्ज या दराचे नसेल, काहींना सवलत मिळत असेल. पण ज्याचे कर्ज या दराचे होते त्याचे व्याजच भाड्याच्या दुप्पट होते. मुद्दल तसेच राहून.

हे कर्ज का होत असे? त्या काळच्या अधिकाऱ्यांनी आणि सुधारकांनी दिलेले उत्तर ठरलेले असे : लग्न, मर्तिक, सण आणि दारू. 'इतर' या सदरातील १८.५ टक्क्यांकडे त्यांची नजर संशयाने वळे. कामगाराला काटकसर शिकवली पाहिजे, हा सूर मालकांच्या निवेदनांत होता, तसाच तो मध्यमवर्गीय लेखनातही होता. लग्नासाठी कर्ज होत असे हे खरेच. अहवालही ते सांगतो. पण हे उत्तर एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष करते. लग्न वर्षानुवर्षांतून एकदा येते, आणि महिन्याची अखेर दर महिन्याला येते. दर महिन्याच्या तुटीचे कारण महिन्याच्या रचनेतच शोधायला हवे.

मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने होत असे, आणि तोही महिना संपताच नव्हे. साधारणपणे पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास मागील महिन्याचे पैसे हातात पडत. एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाला पहिला पगार मिळेपर्यंत सुमारे सहा आठवडे उलटत. या सहा आठवड्यांत तो काय खात असे? उधारीवर खात असे. आणि एकदा उधारीवर सुरू झालेला संसार रोखीवर येणे फार कठीण, कारण पहिला पगार हाती येतो तोच मागील सहा आठवड्यांची देणी भागवण्यासाठी. त्यानंतरचा महिना पुन्हा उधारीवर. हे चक्र सुरू होण्यासाठी कुणीही उधळ्या असण्याची गरज नव्हती. नोकरीचा पहिला दिवस पुरेसा होता.

याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. केलेल्या कामाचे पैसे गिरणी काही आठवडे स्वतःजवळ ठेवत असे. म्हणजे कामगार मालकाला बिनव्याजी कर्ज देत होता. तेच पैसे तो बाजारातून व्याजाने उसने आणत होता. एकाच महिन्यात तो धनको होता आणि ऋणकोही. फरक इतकाच की, त्याचे येणे कुठल्याही चोपडीत येणे म्हणून लिहिले जात नव्हते आणि त्याचे देणे मात्र दुकानदाराच्या चोपडीत रोज लिहिले जात होते. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगाला हा पेच कळला होता. कापडगिरण्यांसारख्या उद्योगांत वेतनाचा अवधी १६ दिवसांपेक्षा जास्त नसावा, असे आयोगाने सुचवले. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मात्र एक महिन्यापर्यंतचा अवधी मान्य केला. हजार किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनी अवधी संपल्यापासून दहा दिवसांच्या आत पगार द्यावा, एवढे बंधन घातले. पगाराला तारीख मिळाली, दंड आणि कपातीवर मर्यादा आल्या; महिना मात्र तसाच लांब राहिला.

या लांब महिन्याला पूल घालणारा माणूस म्हणजे नाक्यावरचा वाणी. धान्य, डाळ, तेल, मीठ, रॉकेल सारे त्याच्याकडून खात्यावर येई. मराठी साहित्यात वाण्याची प्रतिमा बरीचशी एकरंगी आहे : काटा मारणारा, भाव चढवणारा, चोपडीत दोन आकडे जास्त लिहिणारा. हे सगळे घडत असेच. खात्यावर घेणाऱ्याला दुकान बदलता येत नाही, आणि ज्याला दुकान बदलता येत नाही त्याला भावावर बोलता येत नाही. पण इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, वाणी, घरमालक, जॉबर आणि शेजारी यांच्या याच जाळ्यावर कामगाराचे शहरातले टिकणे अवलंबून होते. १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. त्या सहा महिन्यांत युनियनच्या मदतीइतकाच आधार उधारीने दिला, आणि ज्यांची उधारी थांबली त्यांनी गावची वाट धरली. वाण्याचाही यात स्वार्थ होता. संप फसला तर त्याचे जुने येणे बुडणार, आणि पगार वाढला तर ते वसूल होणार. म्हणून तोंडमिळवणीच्या या इतिहासात त्याला फक्त खलनायकाची भूमिका देऊन भागत नाही.

वाण्यापलीकडे दोन दारे होती. दागिना किंवा तांब्यापितळेची भांडी असतील तर ती गहाण ठेवता येत. ठेवायला काहीच नसेल तर पठाण. तो तारण मागत नसे, कागदपत्रही फारसे करत नसे; त्याचे तारण म्हणजे त्याचा धाक. पगाराच्या दिवशी तो गिरणीच्या दरवाजाबाहेर उभा राही. गिरणगावाच्या आठवणींतून हे दृश्य पुन्हा पुन्हा येते, आणि ते केवळ रंग भरण्यासाठी येत नाही. पगार घरी पोचण्याआधीच त्याची वाटणी झालेली असे, हे त्यातून कळते. घरातील स्त्रीच्या हातात पडे ती रक्कम पगार नव्हती; पगारातून उरलेली बाकी होती. तिची काटकसर या बाकीवर सुरू होत असे.

इथपर्यंत आपण 'सरासरी कुटुंब' गृहीत धरले. सरासरीत अनेक भेद झाकले जातात. गिरणीत विणखात्यातील मजुरी तुलनेने चांगली होती, आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश मिळत नसे. धोट्यातील दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. म्हणजे महिना किती लांबवायचा, हे जातही ठरवत होती. कायम नोकरी नसलेल्या बदली कामगाराची स्थिती आणखी वेगळी. तो रोज सकाळी गिरणीच्या दरवाजावर जाई. काम मिळाले तर दिवस भरला, नाही तर परत. त्याच्याकडे पुरवायला महिनाच नव्हता, सुटे दिवस होते. आणि ज्याच्या पगाराची खात्री नाही त्याला वाणी खाते तरी किती देणार? ज्याला उधारीची गरज सर्वाधिक, त्यालाच ती सर्वांत महाग पडे.

दुसरा भेद गावाचा. गिरणी कामगारांचा मोठा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरून आलेला होता, आणि त्यांतील असंख्य पुरुष एकटे राहत. त्यांचे घरखर्च दोन होते : एक मुंबईतला, एक गावातला. गावी जाणारी मनीऑर्डर ही उरलेल्या पैशांतून पाठवायची गोष्ट नव्हती. तीच अनेकदा मुंबईला येण्याचे मूळ कारण होती. पण हा व्यवहार एकेरी नव्हता. गावचा जमिनीचा तुकडा, तिथे पिकणारा भात आणि नाचणी, तिथे राबणारी बायको आणि म्हातारे आईबाप, यांच्यामुळेच मुंबईची अपुरी मजुरी पुरेशी भासत होती. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण, संप, बेकारी हे सारे खर्च गाव उचलत असे. चाकरमान्याची मनीऑर्डर गावाला पोसते, असे आपण म्हणतो. गाव गिरणीला पोसत होते, हेही तितकेच खरे आहे. मालकाने न दिलेल्या मजुरीचा एक भाग कोकणातल्या बाईच्या अंगमेहनतीतून भरून निघत होता.

एकट्या पुरुषाच्या जेवणाची सोय म्हणजे खाणावळ. चाळीतल्या एखाद्या खोलीत एक बाई आठ-दहा जणांचा, कधी त्याहून अधिक जणांचा स्वयंपाक करी. तिच्याकडे जेवणारे बहुधा एका गावचे, एका जातीचे. ते पैसे देत पगार झाल्यावर, आणि तिला धान्य भरावे लागे आधी. म्हणजे गिरणीने लांबवलेला महिना वाण्याच्या आणि खाणावळवालीच्या अंगावर पडे, आणि वाण्याकडे निदान भांडवल असे. खाणावळवाली वाण्याकडून उधार आणी, आणि तेवढ्याने न भागल्यास सावकाराकडून व्याजाने पैसे घेई. कुणाचा खाडा झाला, कुणी पैसे न देता गावी गेला, कुणाची नोकरी सुटली, की तूट तिची. एका घराची नव्हे, दहा घरांची तोंडमिळवणी ती एका चुलीवर करत होती. तरीही कामगार म्हणून तिची मोजणी कुठेच होत नव्हती. १९२० च्या दशकात गिरण्यांतील कामगारांमध्ये स्त्रिया सुमारे एक पंचमांश होत्या. पुढील दशकांत त्यांचे प्रमाण घसरत गेले. गिरणीतून बाहेर पडलेल्या बाईपुढे जे थोडे मार्ग होते, त्यांत खाणावळ हा एक मार्ग होता.

आता पुन्हा त्या पाहणीकडे वळू. घरखर्चाच्या या आकड्यांचे पुढे काय झाले? लेबर ऑफिसने जुलै १९१४ हा पाया धरून मुंबईच्या कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक तयार केला आणि तो नियमाने प्रसिद्ध होऊ लागला. १९३२-३३ मध्ये घरखर्चाची नवी पाहणी झाली आणि निर्देशांकाचा पाया बदलला गेला. दुसऱ्या महायुद्धात भाव पुन्हा भडकले. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला तो महागाई भत्त्यासाठी. पुढे हा भत्ता निर्देशांकाशी जोडला गेला. ज्वारी-तांदळाचा भाव किती, रॉकेलला किती लागले, लुगडे कितीला पडले, हे बायांनी मनात ठेवलेले हिशेब अशा रीतीने औद्योगिक न्यायालयातील युक्तिवादाचा आधार बनले. १९२३ च्या अहवालात ज्या घरखर्चाकडे शिस्त लावण्याच्या दृष्टीने पाहिले गेले होते, तोच घरखर्च दोन दशकांत हक्काच्या मागणीचा पुरावा ठरला. माझ्या मते गिरणगावाच्या इतिहासातील हे एक मोठे स्थित्यंतर आहे. त्याला ना मोर्चाचे नाट्य आहे ना हुतात्म्याचे नाव, म्हणून ते साहित्यात फारसे उतरलेले नाही.

ही घडी १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने विस्कटली. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील बहुसंख्य पुन्हा गिरणीत परतलेच नाहीत. पगारच थांबल्यावर महिना लांबवण्याची सारी साधने एकाच वेळी ताणली गेली : वाण्याचे खाते, गहाणवट, गावचे शेत, भिशी. खाणावळवाल्यांवर तर दुहेरी संकट आले, कारण त्यांचे गिऱ्हाईकच गावी निघून गेले. त्यांच्यासाठी एक आधार थोडा आधी उभा राहिला होता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले आणि बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतरच्या योजनांतून खाणावळवाल्यांना अल्प व्याजाची कर्जे मिळू लागली. रुपयाला एक आणा या दराविरुद्ध उभी राहिलेली ही लहानशी पण फार नेमकी चळवळ होती. बाईला काटकसर शिकवण्याच्या भानगडीत ती पडली नाही. काटकसर बाईला येतच होती. स्वस्त पैसा तिला मिळत नव्हता.

साहित्याच्या अभ्यासकाने या सगळ्यातून काय घ्यावे? 'अधांतर'सारखे नाटक वाचताना संपाची राजकीय चर्चा आपण करतो. त्या घरात पैसा कुठून येतो, कुणाच्या हातात पडतो आणि कुणाच्या हातून जातो, हेही वाचायला हवे. सुर्व्यांच्या कवितेतील भाकरीकडे केवळ प्रतीक म्हणून पाहण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. ती भाकरी उधारीच्या पिठाची होती, आणि त्या उधारीला दर होता, हे लक्षात घेतले तर प्रतीक दुबळे होत नाही. उलट त्याला वजन येते. आईच्या काटकसरीला केलेल्या आपल्या नमस्कारालाही मग थोडी अस्वस्थता चिकटेल, आणि ती चिकटलेली बरी. तिने महिना पुरवला, हे खरेच आहे. तो पुरवण्यासाठी तिने जे अन्न स्वतः खाल्ले नाही, त्याची नोंद ना वाण्याच्या चोपडीत झाली, ना लेबर ऑफिसच्या तक्त्यात. अहवालातील सरासरी काढताना कुटुंबाच्या धान्याला माणसांनी भागले जाते. घरात ते धान्य तसे समान भागले जात नसे. हा फरक कोणत्याही पाहणीने मोजला नाही. तो सांगायचा तर कथा-कवितेलाच सांगावा लागेल, आणि तिने तो सद्गुण म्हणून सांगण्यापेक्षा हिशेब म्हणून सांगावा.